पेरणीआधीच विकलेली भाजी

कुठल्याही बाजार समितीत पहाटे मेथीच्या जुड्या उतरतात, लिलाव पुकारला जातो आणि पाच मिनिटांत भाव ठरतो. तो ऐकून शेतकऱ्याला परवडत नसेल, तरी त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. मेथी उपटून झालेली असते, ती पुन्हा जमिनीत लावता येत नाही. बियाणं, खत, पाणी, मजुरी, गाडीभाडं असा सगळा खर्च आधी होतो आणि भाव सगळ्यात शेवटी कळतो. शिंपी कापड कापण्याआधी शिलाई सांगतो, गवंडी पाया खणण्याआधी मजुरी ठरवतो. शेतकरी मात्र चार महिने राबतो आणि आपल्या कष्टाचं मोल त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

आता हाच क्रम उलटा करून पाहा. भाजी जुलै-ऑगस्टमध्ये येणार आहे, पण ती जूनमध्येच विकली गेली आहे. वीस घरांनी हंगामाच्या सुरुवातीला आपापल्या वाट्याचे पैसे भरले आहेत. त्या पैशांतून बियाणं आलं, वाफे पडले, मांडव उभे राहिले. पुढे दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्याचा विसावा हिस्सा प्रत्येक घरी जातो. शेत भरभरून पिकलं तर पिशवी जड होते, पावसानं ओढ दिली तर हलकी. हिशोब सगळ्यांसमोर उघडा असतो. आणि ही शेती करणारे आहेत विद्यार्थी.

कल्पना वाटावी अशी ही गोष्ट जगात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालू आहे. जालना जिल्ह्याच्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं, की आणखी एक नवल दिसतं. इथला पाऊस, इथली माती आणि इथल्या शाळेचं वेळापत्रक या तिन्ही गोष्टी तिला जणू आधीच अनुकूल होऊन बसल्या आहेत.

जपानी गृहिणी आणि अमेरिकी विद्यार्थी

१९७० च्या आसपास जपानमधल्या शहरी कुटुंबांना अन्नातल्या विषाची धास्ती वाटू लागली होती. कारखान्यांच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत उतरल्याचं मिनामाताच्या दुर्घटनेनं देशाला दाखवलं होतं. १९७१ मध्ये तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकारानं जपान सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि ‘तेइकेइ’ ही पद्धत आकाराला आली. गृहिणींचे गट थेट शेतकऱ्यांशी बोलू लागले. काय पेरायचं, किती पेरायचं हे दोघं मिळून ठरवत. १९७८ मध्ये या पद्धतीची दहा तत्त्वं मांडली गेली. ठरल्याप्रमाणे पिकलेला सगळा माल ग्राहकानं घ्यायचा, हे त्यातलं मला सर्वांत धाडसी वाटणारं तत्त्व. वाकडी काकडी आणि किडकं पान बाजूला सारून निवडून घेण्याची मुभा त्यात नाही, कारण नाकारलेल्या मालाचं ओझं शेवटी शेतकऱ्याच्याच डोक्यावर पडतं.

१९७८ मध्येच स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ अशी वाट्याची शेती सुरू झाली आणि १९८६ मध्ये ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत पोहोचली. विद्यापीठांनी ती उचलली नसती तरच नवल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची शेती तर त्याआधीच, १९७७ पासून, आहे. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००३ पासून सभासदांना वर्षाचे ४८ आठवडे भाजी पुरवण्याचा उपक्रम चालवला, तोही बर्फ पडणाऱ्या प्रदेशात. कृत्रिम उष्णता न देता, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली केवळ उन्हाची ऊब धरून ठेवून त्यांनी हिवाळ्यात पालक आणि गाजरं काढली.

एवढा खटाटोप करायची वेळ त्यांच्यावर का आली, हे समजून घेण्यासारखं आहे. उत्तर अमेरिकेत कॉलेज ऑगस्टच्या शेवटी उघडतं आणि मे महिन्यात संपतं. पिकांचा हंगाम नेमका मे ते ऑक्टोबर. म्हणजे शेत हिरवंगार होतं तेव्हा विद्यार्थी सुट्टीवर असतात आणि ते परततात तेव्हा थंडी दारात उभी असते. तिथल्या विद्यार्थी-शेतीपुढची ही कायमची अडचण.

मृग आणि शाळेची घंटा

आता आपल्याकडे या. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. १५ जूनच्या आसपास मराठवाड्यातल्या शाळा उघडतात. पहिली चाचणी होईपर्यंत पिकं गुडघ्याला लागलेली असतात. पोळा-गणपतीच्या सुमारास मूग-उडदाच्या शेंगा तोडणीला येतात. सहामाही परीक्षेच्या दिवसांत सोयाबीनच्या सुड्या लागतात आणि हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरली जाते. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परत येतात तेव्हा हरभरा उगवलेला असतो. दुसऱ्या सत्रात तुरीची काढणी, जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची सोंगणी. वार्षिक परीक्षा आटोपून शाळेला कुलूप लागतं, तेव्हा रानही नांगरून उन्हात तापत पडलेलं असतं.

पहिलं सत्र म्हणजे खरीप, दुसरं सत्र म्हणजे रब्बी, आणि उन्हाळ्याची सुट्टी जमिनीलाही आणि मुलांनाही एकाच वेळी. मिशिगनच्या विद्यार्थ्यांनी ज्या अडचणीवर प्लॅस्टिकची छतं उभारून मात केली, ती अडचण जालन्यात मुळात नाहीच. आपण रोज पाहतो म्हणून ही जुळणी आपल्या लक्षात येत नाही. पण शेती करता करता शिकावं म्हणून कुणी मुद्दाम वेळापत्रक आखायला बसलं असतं, तर त्यानं याहून वेगळं काय आखलं असतं?

निसर्गानं आणखी एक सोय करून ठेवली आहे. शाळा उघडतात त्या जून-जुलैच्या दिवसांत लिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षभराचं कीडनियंत्रण फुकटात जमतं. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून १०० लिटर पाणी केलं की पाच टक्क्यांचा अर्क तयार. यातलं अझाडिरेक्टिन हे द्रव्य अळीला झटक्यात मारत नाही. त्यामुळे अळीची खाण्याची इच्छा मरते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. कात टाकता आली नाही, की अळीची वाढ तिथंच खुंटते. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला याहून जिवंत उदाहरण कुठून आणायचं?

नखाएवढ्या गाठीतला कारखाना

सेंद्रिय शेती म्हटलं की लोक आधी विचारतात, युरिया नाही तर नत्र कुठून येणार? उत्तर जालना जिल्ह्याच्या मातीतच आहे आणि ते डोळ्यांनी पाहता येतं.

तूर पेरून महिना-सव्वा महिना झाला, की एक रोप खुरप्यानं भोवतालच्या मातीसकट हळूच उचला. ओढून उपटू नका, नाहीतर पाहायची गोष्टच मातीत राहून जाईल. मुळं बादलीतल्या पाण्यात हलकेच खळबळा. काळी माती सुटत जाते आणि पांढुरक्या मुळांवर मोहरीएवढ्या, कुठं ज्वारीएवढ्या गाठी दिसू लागतात. त्यातली एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर समजा, कारखाना चालू आहे. हिरवट किंवा करडी निघाली तर ती गाठ थकलेली आहे.

तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा आहे. गाठीत राहणारे रायझोबियम कुळातले जिवाणू हवेतला नत्रवायू पकडून रोपाला खाता येईल अशा रूपात बदलतात. हे काम करणारं त्यांचं विकर प्राणवायू लागताच निकामी होतं, पण जगायला तर जिवाणूंना प्राणवायू हवाच. मग रोप स्वतः हे लाल द्रव्य तयार करतं आणि त्याच्या मदतीनं प्राणवायू अगदी मोजून-मापून पुरवतं. हवेतल्या नत्रापासून युरियाला लागणारा अमोनिया बनवायला कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. तेच काम बदनापूरच्या रानात, पावसाच्या पाण्यावर, आवाज न करता चालू असतं.

बदनापूरचं नाव इथं सहज आलेलं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र बदनापूरला आहे. पांढरी बीडीएन ७११ आणि लाल बीडीएन ७१६ हे तुरीचे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी असतात, त्यातलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरच. तिथंच विद्यापीठाचं कृषी महाविद्यालयही आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात एका सत्रात विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ होऊन गावात राहतात. दुसऱ्या सत्रात अनुभवाधारित शिक्षणात एखादं उत्पादन स्वतः घेऊन ते विकायचं असतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१५ मध्ये ‘स्टुडंट रेडी’ या नावाखाली हे सगळं एकत्र आणलं. सेंद्रिय उत्पादन हाही त्यातला एक विषय आहे. म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवायच्या शेतीची चौकट अभ्यासक्रमात आधीच आहे. तिला वाटेकरी घरं जोडायची आहेत.

शाळांकडेही तिचं छोटं रूप आहे, ते म्हणजे परसबाग. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर पोषण आहाराला जोडून शाळांमध्ये परसबागा फुलवण्यावर भर दिला गेला. आपल्याकडे त्यांच्या स्पर्धाही होतात. जेवणानंतर हात धुतलेलं पाणी पाटानं अळूच्या आणि केळीच्या आळ्यात जातं, आणि तिथला पालक, मेथी, शेवगा खिचडीच्या पातेल्यात पडतो. एका अर्थानं ही वाट्याची शेतीच आहे. मुलंच पिकवतात, मुलंच वाटेकरी असतात.

वीस घरं, दहा गुंठे आणि उलटं गणित

वाट्याचं गणित कसं बसतं ते एका कल्पित उदाहरणानं पाहू. समजा दहा गुंठे जमीन आहे, वीस घरं आहेत आणि सोळा आठवड्यांचा हंगाम आहे. बियाणं, शेणखत, ठिबकच्या नळ्या, मांडवाचं सामान, लागेल तिथं मजुरी असा सगळा खर्च ४८ हजार रुपये धरला, तर एका घराचा वाटा २,४०० रुपये. आठवड्याला दीडशे रुपये.

हे झालं सोपं गणित. खरं गणित यापुढे सुरू होतं आणि ते मागून पुढे करावं लागतं. जुलैच्या शेवटच्या शनिवारी वीस घरांना तांदुळजाची एकेक जुडी द्यायची आहे. तांदुळजाला महिना लागतो, म्हणजे पेरणी जूनच्या शेवटी. त्याच्या पुढच्या शनिवारीही पालेभाजी हवी, तर आठवड्यानं दुसरा वाफा. मग तिसरा, मग चौथा. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले तर एका शनिवारी ढीग आणि पुढचे तीन शनिवार रिकामे. भेंडी आणि गवार वेगळ्या स्वभावाच्या. त्या दीड-पावणेदोन महिन्यांनी सुरू होतात आणि मग आठवडेच्या आठवडे देत राहतात, फक्त दिवसाआड तोडायला हव्यात, नाहीतर निबर होतात. दोडका-कारलं मांडवावर चढवायचं. वांग्याची रोपं आधी महिनाभर गादीवाफ्यावर वाढवायची, तेव्हा कुठं ती दिवाळीच्या आसपास पिशवीत येतात. दिवाळीनंतर मेथी, शेपू, मुळा, गाजर आणि हरभऱ्याची कोवळी भाजी.

कागदावर हे मांडायला बसलेल्या नववीतल्या मुलांना काळ-काम-वेगाचं उदाहरण वेगळं शिकवावं लागणार नाही. चूक झाली तर ती लाल शाईत दिसत नाही, शनिवारी रिकाम्या पिशवीत दिसते.

शनिवार हा वारही सोयीचा आहे. शाळा सकाळची असते आणि राज्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही आहे. सकाळी दव असताना भाजी तोडायची, वजनकाट्यावर तोलायची, विसानं भागायची. ७ किलो ४०० ग्रॅम भेंडी निघाली तर प्रत्येक घरी ३७० ग्रॅम. फळ्यावर आठवड्याची नोंद होते: काय निघालं, किती निघालं, कशाला कीड लागली, पैसे किती उरले. पिशवीसोबत एक चिठ्ठी जाते. या आठवड्यात कुर्डूची भाजी आहे, ती पेरलेली नाही, पावसानं दिली आहे, लसूण-मिरचीवर परता. शहरातल्या ज्या घरात कुर्डू, घोळ आणि चिवळ विसरली गेली आहे, तिथं ती अशी परत येते.

खताचं काम करायलाही हात आहेत आणि तंत्र मराठी माणसानंच घडवलेलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात पालापाचोळा, थोडं शेण आणि माती यांचे थर देऊन कंपोस्ट करायची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं. पहिल्या सत्रात भरलेलं टाकं दुसऱ्या सत्रात खत देतं. शाळेच्या मैदानावर झाडून पेटवला जाणारा पाला म्हणजे जळणारं खत आहे, हे एकदा कळलं की मुलं काडी लावू देत नाहीत.

जालन्याला बियाण्याची ओळख वेगळी करून द्यायची गरज नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये इथं महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुसा सावनी हा सरळ वाण. अशा वाणाची दोन-चार झाडं राखून, शेंगा वाळू देऊन मुलं पुढच्या वर्षाचं बी घरीच धरू शकतात. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन ओळींत पाहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

वाटून घेतलेला दुष्काळ

आता या सगळ्याच्या गाभ्याकडे येतो. ही पद्धत भाजी वाटते हे खरं, पण तिचं मोठेपण ती धोका वाटते यात आहे.

जालना जिल्ह्यात पावसाची वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. तोही कधी पाठ फिरवतो, कधी ऐन काढणीत कोसळतो. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या मोसंबीसाठी हा जिल्हा ओळखला जातो, तिच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. अशा वर्षी तोटा होतो तो एकेका घराचा. पेरणीसाठी पीककर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, तेही पुरलं नाही तर सावकार. पीक गेलं तरी व्याज जात नाही.

वरच्या उदाहरणातलं शेत पूर्ण गेलं असं समजा. एका शेतकऱ्यावर पडले असते ते ४८ हजार रुपये वीस घरांवर पडले, प्रत्येकी २,४००. वीस घरं हळहळतील, पण एकही घर कर्जात जाणार नाही. शिवाय पेरणीच्या तोंडावर हातात आलेला पैसा बिनव्याजी होता. ४८ हजारांचा बोजा एका घराला झोपू देत नाही आणि तोच वीस ठिकाणी वाटला की सोसण्याजोगा होतो, हे साधं भागाकाराचं गणित मला कुठल्याही शोधाइतकंच थोर वाटतं.

अर्थात धोका वाटून घ्यायचा म्हणजे तो कमी करायचा नाही, असं नाही. जालना तालुक्यातल्या कडवंची गावानं पाणलोटाचं काम करून, शेततळी घेऊन द्राक्षं पिकवली. त्यामागं खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं मार्गदर्शन होतं. ते केंद्र मराठवाडा शेती सहाय्य मंडळ ही संस्था चालवते. विद्यार्थ्यांच्या दहा गुंठ्यांनाही आधी बांधबंदिस्ती, आच्छादन आणि ठिबक लागेल. उरलेली अनिश्चितता मग वाटून घ्यायची.

खळ्यावर पिकाचा वाटा देण्याची रीत महाराष्ट्रातल्या गावांना शतकानुशतकं माहीत आहे. पण बलुत्याचा वाटा जन्मानं आणि जातीनं ठरत होता. देणारा वर, घेणारा खाली अशी त्याची रचना होती आणि ती गेली हे बरंच झालं. इथला वाटा आपखुशीचा आहे. कुणाचंही घर यात येऊ शकतं आणि प्रत्येक पिशवी सारख्याच वजनाची असते. शिक्षक, मजूर, दुकानदार, सगळ्यांच्या घरी एकाच वाफ्यातली भाजी शिजते.

विद्यार्थ्यांनी मातीत राबून शिकण्याची आपली परंपरा मात्र अभिमानानं पुढे न्यावी अशी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रुजवला. सर्व जातींची मुलं एका वसतिगृहात राहिली, एकत्र जेवली आणि कष्ट करून शिकली. १९३७ मध्ये वर्धा इथल्या शिक्षण परिषदेतून हातांच्या कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी आणि आहार हे विषय हातांनी काम करत शिकतात आणि गावाला सेवाही पुरवतात. या सगळ्यांचा विश्वास एकच होता. हातांनी शिकलेलं डोक्यातून जात नाही.

काळजी एकच घ्यायची. हे शिक्षण आहे, फुकटची मजुरी नव्हे. लहान मुलांना झेपेल तेवढंच काम, जड कामाला मोठी माणसं, आणि हिशोबाची वही मुलांच्याच हातात. भाजी कमी पिकली म्हणून कुणी मुलांना बोल लावायचा नाही.

मग सुरुवात कुठून करायची? मे महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची एक बैठक घ्या. शाळेची जागा नसेल तर विहिरीजवळचे पाच-दहा गुंठे देणारा एखादा शेतकरी गावात निघतोच. खरपुडीचे किंवा बदनापूरचे शास्त्रज्ञ मार्गदर्शन करू शकतात. पहिल्या वर्षी फक्त पालेभाज्या, भेंडी आणि गवार एवढंच घ्या, आणि वीस घरं पुरे. ‘पाऊस कमी झाला तर भाजी कमी मिळेल आणि आमची तक्रार नसेल’ हे वाक्य प्रत्येक घराकडून मोठ्यानं वदवून घ्या, कारण सगळी योजना त्या एका वाक्यावर उभी आहे. भाजी स्वस्त मिळेल म्हणून यात कुणी येऊ नये. शेतकऱ्याचं वर्ष कसं जातं हे आपल्या ताटात कळावं, म्हणून यावं. तुमच्या गावातली शाळा हे करायला निघाली, तर पहिल्या वीस घरांत तुमचं नाव असू द्या, आणि पैसे मृगाआधी भरा.